वेस्ट हॅमचे विस्मृत क्रीडांगण

६ डिसेंबर १९३० रोजी पूर्व लंडनमधील वेस्ट हॅम क्रीडांगणात टेम्स आणि ल्यूटन टाऊन या संघांचा फुटबॉलचा सामना झाला. लाखभर प्रेक्षक सामावावेत असे ते विशाल क्रीडांगण. परंतु त्या दिवशी आले अवघे ४६९! पुढे १९३३ साली तेथेच मोटारसायकलींच्या शर्यती पाहावयास ब्याऐंशी हजारांवर लोक लोटले. जागा एकच, मग हे घडले कशाने?

तेथील फुटबॉलप्रेमींचा जीव वेस्ट हॅम युनायटेड या जुन्या संघावर केव्हाच जडला होता. नवख्या टेम्स संघास कोण विचारणार? १९३२ मध्ये तो संपुष्टात आला. 'स्पीडवे' शर्यतींस मात्र असा जुना प्रतिस्पर्धी नव्हता. हा खेळ ऑस्ट्रेलियातून येऊन १९२८ साली इंग्लंडात रुजला आणि हे क्रीडांगणही त्याच वर्षी उघडले. चार स्वार, अंडाकृती मार्गाचे चार फेरे आणि गाडीस ब्रेक मुळीच नाही! वळणावर स्वार डावा पाय जमिनीस टेकवून मागील चाक मुद्दाम घसरू देतो. त्या घसरणीनेच वेग आवरतो व गाडी वळते. निकाल मिनिटा-सव्वा मिनिटात. गोद्यांजवळच्या श्रमिक वस्तीस विजेच्या झगझगाटातील हा थरार चटकन आपलासा वाटला, यात नवल नाही.

१९२३ मध्ये न्यू साउथ वेल्समधील वेस्ट मेटलंड येथे अशा शर्यती भरविणारे जॉनी हॉस्किन्स पुढे येथील संघाचे व्यवस्थापक झाले. याच संघाचा ब्लूई विल्किन्सन १९३८ मध्ये आणि जॅक यंग १९५२ मध्ये जगज्जेता ठरला.

पुढे दूरचित्रवाणी घरोघरी आली, करमणूक कराचा भारही जाचू लागला आणि ब्रिटनभर या खेळाचे प्रेक्षक रोडावले. १९५५ च्या हंगामानंतर वेस्ट हॅमचा संघ मोडला. १९६४ मध्ये तो पुन्हा उभा राहिला आणि दुसऱ्याच वर्षी त्याने ब्रिटिश लीग जिंकली. परंतु १९७० मध्ये बेल्जममधील मोटार-अपघातात संघाचे कित्येक स्वार दगावले. दोनच वर्षांनी, १९७२ मध्ये, क्रीडांगण बंद झाले व ती जागा घरबांधणीस गेली.

प्रेक्षकांच्या जिव्हाळ्याने क्रीडांगण भरते खरे. परंतु तेवढ्याने ते टिकतेच असे नाही. आज तेथे घरे आहेत. रस्त्यांना मात्र विल्किन्सन, यंग, हॉस्किन्स अशी नावे आहेत. ज्यांच्या गाड्यांचा घरघराट एके काळी त्या वस्तीत घुमत होता, त्यांच्या स्मृतीस एवढाच निवारा उरला आहे.