डोके दुखते, पण कसे दुखते?

वस्तीत बीपी तपासायला बसलो की आम्हाला हमखास ऐकू येते, "सिस्टर, डोकं लई दुखतंय, एक गोळी द्या." गोळीआधी आम्ही विचारतो: कुठे दुखते, कसे दुखते, किती वेळ, सोबत काय होते?

ताणाची डोकेदुखी: कपाळाभोवती फडके आवळल्यासारखे दोन्ही बाजूंनी दुखते, मान-खांदे ताठतात, पण काम थांबत नाही. मान वाकवून विड्या वळणाऱ्या भगिनींना हा त्रास सहज होतो. मधूनमधून उठावे, मान सैल करावी, वेळेवर जेवावे.

अर्धशिशी: बहुधा एका बाजूला ठणका, मळमळ, उजेड-आवाज नकोसा. 4 तासांपासून 3 दिवसांपर्यंत टिकते. उपवास, जागरण, ऊन, पाळी यांनी उसळते. बाई अंधारात पडून राहिली तर घरच्यांनी तिला नाटकी म्हणू नये. वारंवार येत असेल तर ती टाळण्याची औषधे डॉक्टरांकडे मिळतात.

सायनस: सर्दीनंतर गाल-कपाळ जड, नाक चोंदलेले, घट्ट शेंबूड, वाकले की दुखणे वाढते.

उन्हाची: सोलापूरचा उन्हाळा 40 अंशांपुढे जातो. डोकेदुखी, चक्कर, लघवी कमी झाली तर सावलीत बसून ओआरएस प्यावे. अंग तापून माणूस बरळू लागला तर त्याला ओल्या फडक्याने पुसत थेट दवाखान्यात न्यावे.

गोळ्यांची: किराणा दुकानातली गोळी महिन्यातले 10-15 दिवस घेतली, की पुढे गोळीमुळेच डोके दुखू लागते.

आणखी एक. डोके दुखत नाही म्हणजे बीपी ठीक, असे समजू नका. वाढलेला बीपी बहुधा गप्प असतो, तो तपासल्यावरच कळतो.

पुढील खुणा दिसल्या तर बाम चोळत बसू नका, 108 ला फोन करा किंवा सिव्हिल गाठा:
• आयुष्यात कधी झाले नाही इतके तीव्र, एकाएकी सुरू झालेले दुखणे
• तापासोबत मान ताठ, झटके किंवा गुंगी
• तोंड वाकडे, हात-पाय लुळा, बोलणे अडखळणे
• डोक्याला मार लागल्यावर वाढते दुखणे, उलट्या
• पाचव्या महिन्यानंतरची गरोदर किंवा नुकतीच बाळंत झालेली बाई: खूप डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, तोंडावर सूज

शेवटच्या खुणेत बाई आणि बाळ, दोन्ही जीव धोक्यात असतात. "सकाळी बघू" म्हणू नका. रात्रीच निघा.