मुरमाच्या रस्त्यावर आडवे वरंबे का उठतात?

बारामती व इंदापूर तालुक्यांत नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर उसाचे मळे उभे राहिले आहेत. माळेगाव व भवानीनगर येथील सहकारी कारखान्यांकडे जाणारा बराच ऊस प्रथम पाणंदीतून व मुरमाच्या रस्त्यांवरून बाहेर पडतो. गळिताचा हंगाम सुरू होऊन काही दिवस लोटले, की या रस्त्यांवर सरी-वरंब्यांसारखे आडवे उंचवटे उमटतात. वाहने खिळखिळी होतात व वाहतूक मंदावते. तोडलेला ऊस जितका उशिरा पोहोचेल, तितके त्याचे वजन व साखर घटते. म्हणून हा प्रश्न शेतकऱ्याच्या पदरी पडणाऱ्या पैशाचा आहे.

याचा दोष पुष्कळदा मुरमाला किंवा वाहनाच्या पाट्यांना दिला जातो. मूळ कारण मात्र वेग हे आहे. 2007 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत शास्त्रज्ञांनी वाळूच्या गोल फिरत्या थरावर पाटे नसलेले साधे चाक चालविले. तरीही वरंबे उठले. वेगातील चाक लहानशा उंचवट्यावर चढताच किंचित उसळते व पुढे आदळते. आदळताना ते सुटा मुरूम पुढे लोटते आणि तेथे नवा वरंबा तयार होतो. मागून येणारे प्रत्येक चाक त्याच जागी उसळून तो वाढविते.

विशिष्ट वेगमर्यादेखाली मात्र चाक उंचवटा दाबून सपाट करते. संथ चालणाऱ्या बैलगाडीने रस्त्यास चाकोऱ्या पडतात, आडवे वरंबे नव्हेत, ते यामुळेच. ट्रॅक्टर व मालमोटारी ही मर्यादा सहज ओलांडतात. त्यांना सदैव बैलाच्या चालीने नेणे शक्य नाही. म्हणून रस्त्याची निगा हाच खरा उपाय होय. त्यासाठी पुढील गोष्टी कराव्यात :

1. केवळ सऱ्या सुट्या मुरमाने बुजवू नयेत; त्याच मुरमाचे पुन्हा वरंबे होतात. सरीच्या तळापर्यंत रस्ता खरवडून काढावा.

2. खरवडलेल्या मुरमात चिकटपणा असलेला मुरूम मिसळून, पाणी शिंपडून रोलरने घट्ट दाबावा. काळी माती घालू नये. ती पावसात फुगते व उन्हात भेगाळते.

3. रस्ता मध्यभागी उंच ठेवून दोन्ही बाजूंस पाण्याला वाट द्यावी.

4. वळणे व कालव्यावरील पूल येथे वाहने थांबतात व वेग घेतात; तेथे वरंबे लवकर उठतात. अशा जागी विशेष लक्ष द्यावे.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी गळितापूर्वी शेतकरी बंधूंसह रस्त्याची पाहणी करावी. वरंबे बोटभर असतानाच खरवडल्यास थोड्या श्रमांत काम होते. वीतभर झाल्यावर संपूर्ण रस्ताच उकरावा लागतो.