चेतक ते चेतक : आकुर्डीचा धडा

घराण्याचा उद्योग तिसऱ्या पिढीत थकतो, असा एक समज आहे. आकुर्डीच्या बजाज ऑटोचा इतिहास पाहता प्रश्न वेगळ्या रीतीने मांडावा लागतो : उद्योग थकतो तो पिढीमुळे, की स्पर्धेच्या अभावामुळे?

इटलीच्या पियाजिओशी असलेला करार १९७१ मध्ये संपला आणि पुढच्याच वर्षी चेतक ही स्वतःच्या नावाची स्कूटर आली. परवाना-राज्यात उत्पादनावर मर्यादा आणि मागणी अमर्याद, त्यामुळे ग्राहक नोंदणी करून वर्षानुवर्षे वाट पाहत. रांगेत उभा असलेला ग्राहक कारखान्याला नवे काही मागत नाही. राहुल बजाज परवाना-पद्धतीचे कडवे टीकाकार होते; पण त्या पद्धतीने कंपनीला स्वस्थताही दिली, हे नाकारता येत नाही.

१९८५ मध्ये हिरो होंडाची चार-स्ट्रोक मोटारसायकल आली. कमी पेट्रोलवर जास्त अंतर कापणाऱ्या या गाडीने पुढच्या दीड दशकात स्कूटरचे राज्य संपवले. बजाजचे उत्तर २००१ मध्ये चाकणहून आले : पल्सर. दोन वर्षांनी तिच्या इंजिनात एकाऐवजी दोन स्पार्क प्लग आले. ज्वलन दोन ठिकाणांहून सुरू झाल्याने इंधन लवकर आणि अधिक पूर्णपणे जळू लागले. उसन्या आराखड्यावर उभी राहिलेली कंपनी आता स्वतःचे इंजिन घडवत होती.

२००९ मध्ये राजीव बजाज यांनी स्कूटर पूर्णपणे सोडण्याचे ठरवले. आपल्याला याचे दुःख झाले, हे वडिलांनी जाहीरपणे सांगितले. तरीही निर्णय टिकला. घराण्याच्या उद्योगातील नवतेचे मर्म इथे दिसते. मालकी सलग असल्याने दीर्घ पल्ल्याची जोखीम घेता येते. मात्र आधीच्या पिढीचे यश मोडण्याची मुभा नव्या पिढीला असली पाहिजे.

या मोडण्याची किंमत घराण्याबाहेरच्यांनीही मोजली. २००७ मध्ये आकुर्डीतील वाहन-उत्पादन थांबले. करसवलती मिळणाऱ्या पंतनगरात नवा कारखाना उभा राहिला आणि इथल्या कामगारांपुढे स्वेच्छानिवृत्तीचा कागद आला. नवतेच्या इतिहासात संशोधन-केंद्राचे नाव राहते, जुळणी-साखळीवरच्या हातांचे क्वचितच.

२०२० मध्ये चेतक पुन्हा आली, विजेवर चालणारी. राहुल बजाज यांच्या निधनानंतर, जून २०२२ मध्ये, त्यांच्या जयंतीदिनी आकुर्डीतच तिच्यासाठी नवा कारखाना सुरू झाला. नाव जुने, जागा जुनी. यंत्र मात्र संपूर्ण नवे. परंपरेने नाव आणि भांडवल सांभाळावे, यंत्राला कवटाळू नये, हाच आकुर्डीचा धडा.