झाकण बसण्याआधी

मालवाहतुकीवरच्या विशेषांकासाठी संपादकांनी मला टायरचा विषय दिला होता. कळंबोलीच्या लोखंड बाजारामागच्या गॅरेजांमधून त्याचीच माहिती काढत हिंडत होतो. एका शेडमध्ये पिकअप मागून घोड्यांवर चढवलेली होती. मागच्या ॲक्सलच्या मधोमध असलेलं डिफरन्शियलचं झाकण काढून बाजूला ठेवलं होतं. पाटावर बसलेले एक वस्ताद पांढऱ्या फडक्याने हाउसिंगची कड पुसत होते. पुसायचे, फडकं उजेडात धरून बघायचे, घडी उलटून परत पुसायचे. झाकण, सिलिकॉनची ट्यूब, बोल्ट सगळं हाताशी होतं, पण त्यातल्या कशालाही हात लावायची त्यांना घाई नव्हती. टायरचा विषय मी तिथेच सोडला.

डिफरन्शियल बिघडेपर्यंत त्याची आठवण कुणाला होत नाही. इंजिनातून गिअरबॉक्समार्गे आलेली ताकद प्रॉपेलर शाफ्ट मागे आणतो. हाउसिंगमधला छोटा पिनियन मोठ्या क्राउनला फिरवतो, म्हणजे ताकदीची दिशा काटकोनात वळते. क्राउनच्या आत बसवलेले छोटे गिअर ती दोन चाकांत वाटतात, तेही अशा बेताने की वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त आणि आतल्या चाकाला कमी फिरता यावं. ही युक्ती एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातली. फ्रान्समधल्या ओनेझिफोर पेकर नावाच्या घड्याळजीने वाफेच्या गाडीसाठी तिचं पेटंट घेतलं. पुढे 1926 च्या सुमारास अमेरिकेतल्या पॅकार्ड कंपनीने मोटारीत हायपॉइड गिअर आणले. त्यात पिनियन क्राउनच्या मध्यरेषेच्या खाली बसतो आणि दात एकमेकांवर फिरता फिरता घासतही जातात. गाडी त्यामुळे कमी आवाज करते, पण दातांवरचा दाब इतका असतो की साधं तेल तिथे टिकत नाही. गंधक आणि फॉस्फरसची रसायनं मिसळलेलं गिअर ऑइलच लागतं. गॅरेजात शिरताच नाकात बसणारा उग्र वास त्या गंधकाचा.

महिंद्रांनी 1947 मध्ये विलीज जीप जोडायला सुरुवात केली आणि टाटांनी 1954 मध्ये डाइमलर-बेंझशी करार करून जमशेदपूरला ट्रक बांधायला घेतले. आपल्या रस्त्यांवर मागच्या ॲक्सलचे जे दोन मुख्य प्रकार दिसतात, तेही असेच दोन वळणांचे आहेत. मोठ्या ट्रकला बहुतेक करून बॅन्जो हाउसिंग असतं. त्याच्या मागचा घुमट कायमचा वेल्ड केलेला असतो आणि क्राउन-पिनियनचा सगळा गोळा पुढच्या बाजूने बोल्टांवर बसतो. जीपच्या घराण्यातल्या आणि कित्येक पिकअपच्या ॲक्सलला मागे बोल्टांनी आवळलेलं पत्र्याचं झाकण असतं. सांधा पुढचा असो की मागचा, त्याची खालची कड तेलात बुडालेली असते आणि चालत्या गाडीत क्राउन त्यावर सतत तेल फेकत असतो. तेल गळायला लागलं की तिथूनच गळतं.

गळतंय थोडं, चालतंय की, असं म्हणणारे मालक पुष्कळ आहेत. त्यांच्यासाठी हिशेब मांडतो. दर दहा सेकंदांना एक थेंब म्हणजे तासाला 360 थेंब. वीस थेंबांचा एक मिलिलिटर धरला तर तासाला 18 मिलिलिटर, आणि रोज दहा तास चालणाऱ्या गाडीतून दिवसाला 180 मिलिलिटर. पिकअपच्या हाउसिंगमध्ये दीड-दोन लिटर तेल असतं. गळती तळाशी असेल तर पंधरवड्याच्या आत ते जवळजवळ संपतं. आधी पिनियनचं बेअरिंग कोरडं पडतं, कारण ते उंचावर असतं आणि क्राउनने फेकलेल्या तेलावरच जगतं. मग मागून घूं-घूं असा आवाज सुरू होतो. भरलेली गाडी कसाऱ्याच्या किंवा कशेडीच्या घाटात असताना क्राउनचे दात गेले, तर ड्रायव्हरची ती रात्र रस्त्यावरच जाते. मागे रांग लागते ती वेगळीच.

हे सगळं थांबवणारा सांधा काही मिलिमीटर रुंदीच्या कडेवर उभा असतो. वस्ताद त्या कडेवर काय करतात, ते मी शेजारी बसून पाहिलं.

पहिलं काम सांध्यात भरलेलं जुनं सिलिकॉन काढायचं. ते त्यांनी पितळी पट्टीने खरवडलं. शेजारच्या गाळ्यात ग्राइंडर फिरत होता, त्याला ते या कामात हात लावत नाहीत. चकतीची खर उडून बेअरिंगात जाते आणि कडेवर डोळ्यांना न दिसणारे खळगे पडतात, हे त्यामागचं कारण. मग झाकणाची पाळी आली. जाड काचेच्या तुकड्यावर त्यांनी ते पालथं ठेवलं आणि बोटाने दाबत गोल फिरले. एका जागी झाकण किंचित डुललं. फीलर गेजची पाती तिथे आत सरकली. त्यांनी झाकण उलटून बोल्टांची भोकं दाखवली. प्रत्येक भोकाभोवतीचा पत्रा आत ओढला जाऊन वाटीसारखा झाला होता. आधीच्या कुणीतरी गळती थांबवायला टॉमी लावून बोल्ट आवळले होते. पत्रा बोल्टापाशी दबला की दोन बोल्टांच्या मधे उचलला जातो आणि तेलाला नेमकी तिथे वाट मिळते. आवळावं तितकं गळतं, यामागचं कारण एवढंच आहे. वस्तादांनी लोखंडी ठोकळ्यावर झाकण धरून एकेक भोक हलक्या हातोडीने सपाट केलं आणि परत काचेवर ठेवून पाहिलं.

त्यानंतर ते मला ज्या गोष्टीने खिळवून ठेवलं तिथे आले. हाउसिंगची खालची कड. तेल सगळं काढलेलं, क्राउन पुसलेला, कड थिनरने धुऊन कोरडी केलेली. मिनिटभर तिथे काही नव्हतं. मग क्राउनच्या दातांमधून, बेअरिंगच्या रोलरांमागून, ॲक्सलच्या नळ्यांमधून पातळ थर खाली सरकत आला आणि पुसलेल्या कडेवर चमक उमटली. गिअर ऑइल घट्ट असतं, निथळायला तासन् तास घेतं. त्या चमकेवर लावलेलं सिलिकॉन धातूला धरतच नाही. ते तेलाच्या थरावर तरंगतं, वरून छान दिसतं आणि पहिल्या गरम फेरीत सुटतं. वस्तादांचा शिरस्ता असा की झाकण संध्याकाळी उघडायचं, खाली ट्रे ठेवून गाडी रात्रभर निथळू द्यायची, सकाळी हाउसिंगच्या आत तळाशी कापडाची वळकटी लावून उरलेलं तेल अडवायचं आणि मगच शेवटचं पुसायचं. वळकटी काढायची ती झाकण लावायच्या क्षणी.

“तेल थांबवायचं काम ट्यूब करत नाही साहेब, फडकं करतं,” ते म्हणाले. “ट्यूब सगळेच आणतात.”

सिलिकॉनची धार मात्र त्यांनी चटकन ओढली. सुमारे तीन मिलिमीटर जाडीची, सलग, बोल्टाच्या भोकांच्या आतल्या अंगाने. सुरुवात आणि शेवट एकमेकांवर थोडे चढवले. ज्या भोकांचं तोंड आत तेलात उघडतं, त्या बोल्टांच्या आट्यांनाही बोटाने लावलं, कारण आट्यांच्या घळीतून तेल चढत येतं. हे सिलिकॉन हवेतली ओल घेऊन घट्ट होतं. काही मिनिटांतच वर साय धरायला लागते, त्याआधी झाकण जागेवर बसलं पाहिजे. वळकटी ओढून त्यांनी झाकण सरळ टेकवलं, इकडेतिकडे न सरकवता. बोल्ट बोटांनी लावले, मग समोरासमोरचे, आळीपाळीने असे थोडे थोडे आवळत नेले. शेवटी टॉर्क रेंच. दहा मिलिमीटरच्या बोल्टाला चार-साडेचार किलोचा आवळा पुरतो, कंपनीचं पुस्तक सांगेल तोच खरा. बाहेर सगळीकडून सारखी बारीक कड डोकावली तेव्हा त्यांनी रेंच खाली ठेवला.

कागदी पॅकिंगचं त्यांना वावडं नाही. मोठ्या ट्रकसाठी पॅकिंगचा कागद थेट कडेवर ठेवून गोल तोंडाच्या हातोडीने ठोकत, धारेवरच कापून काढायचं कसब त्यांच्या हातात आहे. पण कागद कालांतराने दबतो आणि बोल्ट सैल पडतात. भाराखाली बॅन्जोचा सांधा सूक्ष्म हलतो, त्या हालचालीला लवचीक सिलिकॉन साथ देतं. कारखान्यांत आता यंत्राचा हात हीच धार ओढतो. तिथे दोन्ही कडा नव्या, कोऱ्या, तेल न पाहिलेल्या असतात. गॅरेजात तसं काहीच नसतं.

इथपर्यंतचं काम हाताचं आहे आणि शिकता येतं. अडचणी सुरू होतात त्या हाताबाहेरच्या.

पहिली अडचण ब्रीदरची. हाउसिंगच्या वरच्या अंगाला एक छोटी टोपी असते. गाडी चालली की आतली हवा तापते, फुगते आणि त्या टोपीतून बाहेर पडते. आपल्याकडची धूळ आणि चिखल ती टोपी बुजवतात. बंद हाउसिंगमधली हवा 30 अंशांवरून 90 अंशांवर गेली तर दाब सुमारे पाचव्या हिश्शाने वाढतो, म्हणजे चौरस सेंटिमीटरमागे 200 ग्रॅम. 25 सेंटिमीटर व्यासाच्या झाकणावर हा जोर शंभर किलोच्या घरात जातो. झाकण उत्तम बसलं असेल तर तेल चाकाच्या किंवा पिनियनच्या ऑइल सीलमधून बाहेर पडतं. चाकाच्या सीलमधून आलेलं तेल ब्रेकच्या लायनरवर पोचतं आणि मग प्रश्न तेलाचा राहत नाही, जिवाचा होतो. झाकण तीन वेळा लावूनही गळती थांबत नाही अशी तक्रार घेऊन आलेल्या गाडीचा वस्ताद आधी ब्रीदर काढून फुंकतात.

दुसरी अडचण मालाची. खिडक्यांच्या काचांना लावायचं, व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन स्वस्त मिळतं आणि तेच इथे लावलं जातं. गरम तेलात ते फुगून मऊ पडतं. त्याचं आम्ल धातूलाही खातं. जास्त लावलं तर आत दाबलेली गुठळी तुटून तेलात फिरते. तेलाला टिकणाऱ्या ट्यूबवर मुदतीची तारीख असते, ती बघणारा गिऱ्हाईक विरळा.

तिसरी अडचण सगळ्यांत मोठी, वेळेची. झाकण लागलं म्हणजे काम झालं नाही. सिलिकॉन आतपर्यंत पिकायला साधारण एक दिवस घेतं. उन्हाळ्यातल्या कोरड्या हवेत ओल कमी, म्हणून अधिकच. रात्रभराचं निथळणं आणि हा दिवस धरला तर गाडी दीड दिवस उभी राहते. पिकअपचा मालक बहुधा तिचा ड्रायव्हरच असतो. हप्ता त्याच्या डोक्यावर असतो आणि उभ्या गाडीला भाडं नसतं. मी बसलो होतो तेवढ्यातच एकाचा फोन आला, तासाभरात गाडी द्या म्हणून. वस्ताद त्याला म्हणाले, “भाऊ, तासाभरात देतो, पण महिन्याने परत आणशील.” तो दुसऱ्या गॅरेजात गेला असावा, कारण परत फोन आला नाही.

त्या माणसाला दोष देता येत नाही. पण त्याने वाचवलेला दीड दिवस त्याच्याकडून पुढे व्याजासकट वसूल होतो, आधी तेलाच्या डब्यांत, मग बेअरिंगमध्ये, शेवटी क्राउन-पिनियनच्या जोडीत. गळलेलं तेल पावसाळ्यात रस्त्यावरून धुऊन ओढ्यात जातं, त्याचा हिशेब कुणी मांडतच नाही. गॅरेजवालेही बिलात झाकणाचे, ट्यूबचे आणि मजुरीचे पैसे लावतात. निथळू देण्याचे आणि पिकू देण्याचे पैसे कुणी लावत नाही, म्हणून ते काम कुणाला दिसत नाही आणि घाईत आधी तेच कापलं जातं. ठरावीक किलोमीटरनंतर गिअर ऑइल बदलायचंच असतं, तेव्हा गाडी तशीही गॅरेजात येते. त्याच वेळी आदल्या संध्याकाळी झाकण उघडून ठेवायचं, ब्रीदर साफ करायचा आणि एक सुट्टीचा दिवस पिकायला द्यायचा, एवढं मालक आणि मेकॅनिक यांनी आधी ठरवून घेतलं, तर कुणाचंही भाडं बुडत नाही. हे काम करू शकणारे हात आपल्याकडे आहेत. त्यांना लागणारा दीड दिवस बिलावर लिहिला गेला, तर ते हात टिकतील आणि तेल हाउसिंगमध्ये राहील.