जुनी होडी विकत घेताना : मासेमारी, जलक्रीडा आणि स्कूबासाठी काय तपासावे, कोणती योजना लागू होते

हा लेख कोणासाठी आहे?
मालवण, देवबाग, तारकर्ली, वेंगुर्ला भागात अनेक मच्छीमार कुटुंबे आता दोन व्यवसाय करतात. पहाटे जाळे आणि दिवसा पर्यटक. नवी फायबर होडी आणि इंजिन परवडत नाही, म्हणून वापरलेली होडी घेण्याकडे कल असतो. तुम्हीही बचतगटाचे किंवा सोसायटीचे कर्ज काढून अशी होडी घेणार असाल, तर पैसे देण्यापूर्वी हा लेख पूर्ण वाचा.

आधी ठरवा : होडी कशासाठी?
एकच होडी तिन्ही कामांना चालेल, असे विकणारा सांगतो. पाण्यावर ती कदाचित चालेलही, पण कागदावर चालत नाही.

• मासेमारी : राज्याच्या सागरी मासेमारी नियमन अधिनियम, 1981 नुसार मत्स्यव्यवसाय विभागाचा परवाना लागतो.
• जलक्रीडा आणि प्रवासी फेरी : महाराष्ट्र सागरी मंडळाची परवानगी लागते. किती माणसे बसवायची, तो आकडाही ठरवून दिलेला असतो.
• स्कूबा : वरील परवानगीशिवाय प्रशिक्षित मार्गदर्शक आणि योग्य साहित्य लागते. मालवणचे सागरी अभयारण्य 1987 मध्ये घोषित झाले आहे. त्याच्या हद्दीत वन विभागाचे नियमही पाळावे लागतात.

मासेमारीच्या परवान्यावर पर्यटक बसवू नका. 24 मे 2022 रोजी तारकर्लीजवळ स्कूबा करून परतणारी बोट उलटली आणि दोन पर्यटकांचा मृत्यू झाला. असा प्रसंग आल्यावर पहिला प्रश्न परवाना आणि माणसांच्या संख्येबद्दलच विचारला जातो. मच्छीमारांचा अपघात विमा पर्यटकांना लागू होत नाही, हेही लक्षात ठेवा.

अनुदान मिळते का?
प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजना 2020 साली सुरू झाली. तिच्या घटकांमध्ये ‘दुसऱ्याची वापरलेली होडी विकत घेणे’ असा घटक नाही. पारंपरिक मच्छीमारांसाठी जुनी होडी बदलून नवी होडी व जाळी घेण्याचा घटक मात्र आहे.

• या घटकाचा मान्य खर्च : 5 लाख रुपये
• सर्वसाधारण प्रवर्गाला 40 टक्के, म्हणजे कमाल 2 लाख रुपये
• अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती आणि महिलांना 60 टक्के, म्हणजे कमाल 3 लाख रुपये

त्यामुळे हिशेब दोन्ही बाजूंनी करा. समजा जुनी होडी अडीच लाखांना मिळते आहे. घरातील महिला पात्र मच्छीमार असेल आणि तिचा अर्ज मंजूर झाला, तर 5 लाखांच्या नव्या होडीसाठी कुटुंबाचा स्वतःचा वाटा 2 लाख येतो. अनुदान हातात येईपर्यंत पैसे उभे करावे लागू शकतात, हेही हिशेबात धरा. अर्ज सध्या घेतले जात आहेत का आणि जिल्ह्याला निधी आहे का, हे सहायक आयुक्त, मत्स्यव्यवसाय यांच्या कार्यालयात विचारा. मंजुरीपूर्वी खरेदी करू नका.

होडीचा ‘सातबारा’ तपासा
जमीन घेताना सातबारा पाहतो, तशी होडीची नोंदणी पाहा.

1. नोंदणी प्रमाणपत्रावरील मालकाचे नाव आणि विकणाऱ्याचे आधारवरील नाव एकच आहे का?
2. होडीवर रंगवलेला आयएनडी-एमएच ने सुरू होणारा क्रमांक कागदाशी जुळतो का?
3. इंजिनावर कोरलेला क्रमांक बिलाशी जुळतो का?
4. बँकेचा किंवा सोसायटीचा बोजा शिल्लक आहे का? ‘बाकी नाही’ असा दाखला लेखी घ्या.
5. होडी किंवा इंजिन पूर्वी अनुदानातून घेतलेले आहे का? असल्यास विक्रीला हरकत नसल्याचे विभागाकडून लेखी घ्या.

मासेमारी नौकांची नोंदणी ‘रिअलक्राफ्ट’ या संकेतस्थळावर होते. विक्रीची पावती झाली म्हणजे होडी आपल्या नावावर झाली, असे नाही. मालकाचे नाव बदलून घ्या. परवानाही आपल्या नावाने मिळेपर्यंत समुद्रात जाऊ नका.

होडी आणि इंजिन कसे पाहावे?
यांत्रिक नौकांना 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते. तेव्हा होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात. तळ पाहायला हाच उत्तम काळ.

• फायबरच्या तळावर नाण्याने किंवा लाकडी हातोडीने हलके ठोका. टणक आवाज हवा. मध्येच बद्द आवाज आला, तर आतले थर सुटलेले असू शकतात.
• आऊटबोर्ड इंजिन बसवतात ती मागची फळी इंजिन हलवून पाहा. फळी लवचली किंवा बोल्टभोवती तडे दिसले, तर दुरुस्ती मोठी आहे.
• नवा रंग दिसला की आनंदू नका. रंगाखाली डागडुजी लपते.
• इंजिनाचे गिअर ऑइल दुधाळ दिसले, तर आत पाणी शिरले आहे.
• इंजिन सुरू केल्यावर थंड करणाऱ्या पाण्याची धार सलग पडते का, ते पाहा.
• सोबत ओळखीचा मेकॅनिक न्या. तो विकणाऱ्याने आणलेला नसावा.

तळ किनाऱ्यावर कळतो, चाल मात्र पाण्यातच कळते. म्हणून व्यवहार पावसाळ्यात ठरला, तरी काही रक्कम चाचणीपर्यंत राखून ठेवा आणि तसे करारात लिहा. चाचणी दुपारच्या वाऱ्यात, पूर्ण वजन घेऊन करा.

स्कूबासाठी होडी घेत असाल, तर पाण्यातून वर चढायला मजबूत शिडी, सिलिंडर न घरंगळता बसतील अशी जागा आणि प्रत्येकासाठी जीवरक्षक जॅकेट हवे. जुने सिलिंडर सोबत मिळत असतील, तर त्यांवर कोरलेली चाचणीची तारीख वाचा.

इतर लाभ
• पारंपरिक व मोटर बसवलेल्या होड्यांसाठी मत्स्यसंपदा योजनेत सुरक्षा साहित्याचा घटक आहे. मान्य खर्च 1 लाख रुपये, अनुदानाची टक्केवारी वरीलप्रमाणेच.
• मच्छीमारांच्या सामूहिक अपघात विम्यात मृत्यू किंवा कायमच्या पूर्ण अपंगत्वासाठी 5 लाख आणि कायमच्या अंशतः अपंगत्वासाठी अडीच लाख रुपये मिळतात. हप्ता शासन भरते, पण तुमचे नाव यादीत असावे लागते. सोसायटीत जाऊन खात्री करा.

नेहमीचे प्रश्न

मुद्रांकावर लिहून दिले तर चालेल का?
तो तुमच्या दोघांतील व्यवहाराचा पुरावा झाला. त्याने नोंदणीवरील नाव बदलत नाही.

अर्जात ‘व्हेसल’, ‘क्राफ्ट’, ‘हल’ असे शब्द आहेत. अर्थ काय?
पहिल्या दोन्हींचा अर्थ नौका किंवा होडी. ‘हल’ म्हणजे इंजिन सोडून होडीचा सांगाडा.

आम्ही महाराष्ट्राबाहेर राहतो. हेच नियम का?
होडी ज्या राज्याच्या पाण्यात चालेल, त्या राज्याचे नियम लागू होतात. मैसूर परिसरातील जलाशयात मासेमारी करायची असेल, तर कर्नाटकच्या मत्स्य खात्याकडे चौकशी करा.

विसार देण्यापूर्वी
नोंदणी प्रमाणपत्राची प्रत घेऊन मत्स्यव्यवसाय विभागाच्या परवाना अधिकाऱ्याकडे एक फेरी मारा. विकणारा प्रत द्यायला टाळाटाळ करत असेल, तर ती होडी सोडून द्या.