दाब कळला म्हणजे स्पर्श कळला?

यंत्राच्या बोटाला दाब मोजणारा सेन्सर चिकटवला की त्याला स्पर्श कळू लागतो, हा समज चांगलाच रुजला आहे. सेन्सर जितके जास्त तितका हात हुशार, हे त्याचंच शेपूट. चांदवडच्या बाजारात येणाऱ्या टोमॅटोवर हा समज तपासून पाहू. शंभर ग्रॅमचा टोमॅटो दोन बोटांत धरायचा आहे, म्हणजे वजन साधारण १ न्यूटन. साल कोरडी आहे आणि घर्षणांक ०.५ आहे असं धरलं, तर प्रत्येक बोटाने १ न्यूटन दाबलं की काम भागतं. तोच टोमॅटो दवाने ओला होऊन घर्षणांक ०.२५ वर आला, तर दुप्पट दाब लागतो. बोटांनी दोन्ही वेळा १ न्यूटनच दाबलं, तर सेन्सरही दोन्ही वेळा १ न्यूटनच दाखवेल, तेही अगदी अचूक. एकदा टोमॅटो हातात राहील, एकदा खाली पडेल. मोजमाप बरोबर आहे, विचारलेला प्रश्न चुकला आहे. वस्तू सरकू लागली का, हे हाताला कळायला हवं.

माणसाचा हात नेमकं तेच करतो. एका तळहातात आणि बोटांत मिळून सुमारे १७,००० स्पर्शग्राही चेतातंतू असतात, चार प्रकारांचे. काही स्थिर दाब टिपतात, काही त्वचेचा ताण; पण बरेचसे फक्त बदल आणि कंपन पकडतात. स्वीडनच्या योहान्सन आणि वेस्टलिंग यांनी १९८४ मध्ये दाखवून दिलं, की वस्तू निसटू नये म्हणून जेवढी लागते त्याहून थोडीच घट्ट आपण ती धरतो आणि ती सरकू लागली की सुमारे ७० मिलिसेकंदांत पकड आपोआप वाढवतो. बोटांची टोकं बधिर केली की ही दुरुस्ती बिघडते, डोळे उघडे असले तरी. चांगला कॅमेरा असला की स्पर्शाची गरज नाही, असं म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

यावर हमखास दाखला दिला जातो तो ओपनएआयच्या हाताचा. २०१९ मध्ये त्याने स्पर्शाच्या सेन्सरशिवाय रुबिक क्यूब सोडवला. खरं आहे. पण क्यूब टणक, त्याचा आकार आधीच ठाऊक, आणि त्याची प्रत्येक बाजू किती फिरली हे सांगणारे सेन्सर क्यूबच्याच पोटात होते. तरीही सर्वांत अवघड मांडणीत यश साधारण पाचांत एकदाच आलं. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: मऊ रबराची बोटं लावा, ती मालाला इजा करणारच नाहीत. एकसारखा माल ठरलेल्या जागी येत असेल तिथे हे पुरतं. वडनेर भैरवच्या द्राक्षाला मात्र पुरत नाही. तोडणारा माणूस घड देठाला धरून कात्रीने कापतो, कारण मण्यावरचा पांढुरका मेणचट थर बोट घासताच पुसला जातो आणि मालाचा ताजेपणा गेल्यासारखा दिसतो. मऊ बोट मणी फोडणार नाही, पण घासलं गेलं तर ते त्याला कळणारही नाही.

सरकणं टिपण्याचे मार्ग आहेत. एमआयटीत जन्मलेल्या जेलसाइट सेन्सरमध्ये मऊ जेलच्या मागे छोटा कॅमेरा असतो. जेल कुठे दबलं, कुठे ओढलं गेलं, हे तो पाहतो. उलट वेलोस्टॅट, म्हणजे दाबला की विद्युत रोध बदलणारा काळा प्लास्टिकचा पापुद्रा, स्वस्त, विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांत लाडका; पण दाब काढल्यावर त्याचा रोध लगेच मूळ जागी येत नाही. असे शंभर तुकडे लावले तर शंभर संशयास्पद आकडे मिळतात, एवढंच.

कृत्रिम हात गेलेल्या बोटांचा स्पर्श परत देतो, हा गैरसमज जास्त नाजूक आहे. मुंबईच्या रोबो बायोनिक्सचा ‘ग्रिपी’ पकडीची जाणीव कंपनातून देतो. ही मदत मोलाची आहे. पण ते कंपन हात वापरणाऱ्याच्या कातडीवर जाणवतं, गेलेल्या बोटात नाही. बोटातच स्पर्श झाल्यासारखं वाटावं यासाठी थेट नसांना विद्युत संकेत द्यावे लागतात. अमेरिकेत क्लीव्हलंडच्या संशोधकांनी २०१४ मध्ये ते साधलं, पण त्याला शस्त्रक्रिया लागते.

तेव्हा कोणी रोबोटिक हात दाखवायला आला, तर सेन्सर किती हे विचारत बसू नका. एक टोमॅटो आधी कोरडा आणि मग पाण्यात बुडवून त्याच्याकडून उचलून घ्या, आणि तो निसटू लागल्यावर पकड किती मिलिसेकंदांत आवळली जाते ते विचारा.