वेब पेज बनवायचंय? आधी सॉफ्टवेअर निवडा!

"गॅदरिंगचं वेब पेज कोण करणार?" असा प्रश्न मीटिंगमध्ये आला आणि माझ्या रूम पार्टनरने माझा हात धरून वर केला. तेव्हा मला एचटीएमएलचं ओ की ठो कळत नव्हतं. एका सीनियरने सॉफ्टवेअर दिलं. बटणं दाबा, फोटो ओढून आणा, झालं पान तयार! दोन रात्री जागलो. अख्खा विंग माझ्या रूमवर येऊन पान बघून गेला. कॉलर एकदम ताठ!

उद्घाटनाच्या दिवशी सेमिनार हॉलमध्ये प्राचार्यांनी माउस क्लिक केला. प्रोजेक्टरवर मजकूर आला, पण बारा फोटोंच्या जागी बारा रिकामे चौकोन. मागून शिट्ट्या सुरू. पार्टनर कुजबुजला, "अरे, काहीतरी दाब ना!" पण काय दाबणार? पान माझं होतं आणि मलाच ते वाचता येत नव्हतं.

नंतर लॅबमधल्या सरांनी पानाचा कोड उघडला आणि दोन मिनिटांत रोग सापडला. फोटोंचे पत्ते माझ्या कॉम्प्युटरच्या सी ड्राइव्हचे होते! माझ्या रूमवर सगळं दिसायचं, बाहेर ते फोल्डरच नाही. पत्ते बदलले, अकरा फोटो आले. बारावा हटून बसला. त्या फाइलच्या नावात शेवटी 'जेपीजी' कॅपिटल अक्षरांत होतं आणि कोडमध्ये स्मॉल. विंडोजला हा फरक चालतो, पण आमच्या लिनक्स सर्व्हरच्या लेखी ती दोन वेगळी नावं. चूक माझीच होती, फक्त ती कोडमध्ये झाकलेली होती.

तेव्हापासून ज्युनियर विचारतात, "दादा, कुठलं सॉफ्टवेअर घेऊ?" त्यांच्यासाठी हा खटाटोप.

ढोबळ मानाने तीन प्रकार आहेत. पहिला, साधा एडिटर. नोटपॅड विंडोजमध्ये असतोच. २००३ साली आलेला नोटपॅड प्लस प्लस आणि २०१५ चा व्हिज्युअल स्टुडिओ कोड, दोन्ही फुकट. यात टॅग स्वतः लिहायचे.

दुसरा प्रकार, जसं दिसतं तसंच बनवणारा. लायब्ररीतल्या जाडजूड पुस्तकांत जे फ्रंटपेज आहे ते यातलंच. मायक्रोसॉफ्टने ते २००६ मध्ये बंद केलं. मॅक्रोमीडियाचं ड्रीमवीव्हर १९९७ चं, २००५ मध्ये ती कंपनीच ॲडोबीने घेतली. यावरून एक धडा घ्या. सॉफ्टवेअर येतात आणि जातात, पण त्या काळी शिकलेला साधा टॅग ब्राउझरला आजही कळतो.

तिसरा प्रकार, रेडीमेड साचे. गुगल साइट्स किंवा २००३ साली सुरू झालेलं वर्डप्रेस. मेसची नोटीस उद्या सकाळी लावायची असेल तर हेच बरं. पण यातून एचटीएमएल शिकायला मिळेल ही आशा नको. हल्ली एआयला सांगितलं तर तोही अख्खं पान लिहून देतो. जरूर घ्या, पण व्हायव्हाला एआय उभा राहत नाही!

मग निवडायचं कसं? चार प्रश्न विचारा. एक, कोड उघडून बघता येतो का? दोन, फाइल स्वतःच्या फोल्डरमध्ये ठेवून दुसऱ्या एडिटरमध्ये उघडता येते का? तीन, यूटीएफ-८ मध्ये सेव्ह होते का? नाहीतर मराठीच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं दिसतात. चार, होस्टेलचं नेट गेल्यावरही काम चालतं का?

आणि एक छोटा प्रयोग करा. सॉफ्टवेअरमध्ये फक्त 'नमस्कार' लिहून सेव्ह करा आणि ती फाइल नोटपॅडमध्ये उघडा. हाताने लिहिलं तर दहा-बारा ओळींत काम भागतं. वर्डमधून 'सेव्ह ॲज वेब पेज' केलं तर एका शब्दासाठी शेकडो ओळी! त्यात चूक शोधणं म्हणजे गवताच्या गंजीत सुई शोधणं.

माझं स्पष्ट मत विचाराल तर पहिले पंधरा दिवस साधा एडिटर. शीर्षक, परिच्छेद, लिंक, फोटो आणि टेबल एवढं हाताने लिहा. मग हवं ते सॉफ्टवेअर वापरा, ते तुमचा वेळ वाचवेल. आणि पान दुसऱ्याच्या मशीनवर उघडून बघितल्याशिवाय कुणालाही दाखवू नका. पुढच्या वर्षी मी तेच केलं. शेजारच्या रूमच्या कॉम्प्युटरवर पान उघडलं, एक फोटो दिसेना. कोड उघडला, पत्ता दुरुस्त केला, आणि निवांत मेसला गेलो.

तर मग, लागा कामाला!